आठवणीची गोधडी : अस्तर कसे निवडावे?

माणूस जातो. त्याचे कपडे मागे राहतात. पेटीत राहतात, दोरीवर राहतात, दाराआडच्या खुंटीवर राहतात. घरातल्या माणसांचा हात तिकडे जातो आणि माघारी येतो. कपडे टाकवत नाहीत आणि घालायलाही कुणी नसते.

काही घरांत असे कपडे गरजूला देऊन टाकतात. काही घरांत ते मुळीच ठेवीत नाहीत. ज्याची त्याची रीत. तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण काही घरांत असेही वाटते, की या कपड्यांचे काहीतरी व्हावे. रोज हाताखाली राहील, अंगावर घेता येईल, असे काहीतरी.

आपल्याकडे त्याला जुनी वाट आहे. ती म्हणजे गोधडी. कुणी तिला वाकळ म्हणतात. आजीचे लुगडे गोधडीत जाते आणि नातू ती पांघरून निजतो. हे आपण पिढ्यान् पिढ्या करीत आलो आहोत.

आता एक फरक पडला आहे. आजच्या तरुण मुलाच्या पेटीत लुगडे-धोतर नसते. टी-शर्ट असतात. एक कॉलेजचा, एक कबड्डीच्या संघाचा, एक गणपती मंडळाचा, एक कारखान्यात मिळालेला. अमेरिकेत अशा टी-शर्टांची गोधडी करण्याची रीत चांगलीच रुजली आहे. आपल्याकडेही शिवणकाम करणाऱ्या बायकांकडे लोक असे कपडे घेऊन येऊ लागले आहेत. पण टी-शर्ट नुसते कापून जोडले तर गोधडी टिकत नाही. प्रत्येक तुकड्याला मागून अस्तर लावावे लागते. ते कोणते लावावे, कसे लावावे, हे या धड्यात पाहू.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. बाजारातले कापड चुकले तर दुसरे आणता येते. या कपड्यांचे तसे नाही. तो शर्ट जगात एकच आहे. म्हणून हा धडा सावकाश वाचा. दोनदा वाचा. मग कात्री हातात घ्या.

१. टी-शर्टचे कापड वेगळे कसे?

लुगड्याचे कापड मागावर होते. त्यात उभे धागे असतात आणि आडवे धागे असतात. उभ्यांना ताणा म्हणतात, आडव्यांना बाणा म्हणतात. ते एकमेकांत घट्ट बसतात. असे कापड उभे ओढले तर ताणत नाही, आडवे ओढले तरी ताणत नाही. फक्त तिरपे, म्हणजे उरेब ओढले तर थोडे ताणते.

टी-शर्टचे कापड स्वेटरसारखे असते. त्यात धाग्याचे फास असतात. एका फासात दुसरा फास, दुसऱ्यात तिसरा. बनियनचे कापडही असेच. याला होजिअरी म्हणतात. तमिळनाडूत तिरुप्पूर नावाचे शहर आहे. ते या धंद्यासाठी साऱ्या देशात प्रसिद्ध आहे. फास ढिले असतात, म्हणून कापड ताणते. लांबीत कमी ताणते, रुंदीत जास्त ताणते. अंगात घालायला हा गुण चांगला. गोधडीला मात्र हाच गुण अडचण करतो.

अडचणी चार आहेत.

पहिली. कापताच कडा गुंडाळतात. सरळ कड सापडत नाही.

दुसरी. यंत्राच्या दाताखाली कापड ओढले जाते. चौकोन कापलेला असतो, शिवल्यावर त्याचा पतंग होतो.

तिसरी. टोकदार सुईने फास तुटतो. एक फास तुटला की भोक मोठे होत जाते.

चौथी. गोधडी जड असते. धुऊन दोरीवर टाकली की आपल्याच वजनाने खाली ओढते. छातीवर छापलेली अक्षरे वाकडी होतात. चेहरा छापलेला असेल तर चेहरा वाकडा होतो. ज्याच्यासाठी एवढे केले तेच बिघडते.

घरी एक जुने बनियन असेल. त्याचा वीतभर चौकोन कापा आणि दोन्हीकडून ओढून पाहा. वर सांगितले ते सगळे डोळ्यांना दिसेल.

२. अस्तराचे काम काय?

पाटीला लाकडाची चौकट असते. आपण लिहितो पाटीवर, चौकटीवर नाही. पण चौकट नसेल तर पाटी फुटते. अस्तराचे काम तसेच आहे. त्याने कापडाला धरावे, ताणू देऊ नये. पण त्याने आपला कडकपणा कापडावर लादू नये.

म्हणून निवडीचा पहिला नियम असा: अस्तर शर्टाच्या कापडापेक्षा जाड नसावे. हलके असावे, फार तर बरोबरीचे असावे. जाड अस्तर लावले तर शर्टाचा पुठ्ठा होतो. आईने त्यावर हात फिरवला तर तिला पुठ्ठा लागतो, शर्ट लागत नाही.

हे पाहण्याची सोपी रीत आहे. शर्टाचे कापड आणि अस्तर एकावर एक धरा. हाताची मूठ करा आणि दोन्ही मुठीवर टाका. दोन्ही मुठीवरून खाली ओघळली तर अस्तर बरे. तंबूसारखी उभी राहिली तर ते परत ठेवा.

३. अस्तराचे प्रकार

अस्तर दोन जातींचे असते. एक चिकटवायचे, एक टाचायचे.

चिकटवायच्या अस्तराला शिंपी फ्यूजिंग किंवा पेस्टिंग म्हणतात. त्याच्या एका बाजूला डिंकाचे बारीक ठिपके असतात. हा झाडाचा डिंक नव्हे. हे एक प्रकारचे प्लास्टिक असते. चिक्कीचा गूळ तापला की पातळ होतो आणि थंड झाला की दाणे धरून ठेवतो. तसेच हे आहे. इस्त्रीने ठिपके वितळतात, कापडाच्या फासांत शिरतात, थंड झाले की धरून बसतात.

बाजारात पुढील प्रकार मिळतात.

(अ) मागावरचे सुती फ्यूजिंग. यात ताणा-बाणा असतो. पातळ, मऊ घेतले तर गोधडीला उत्तम. ते टी-शर्टला कोणत्याही दिशेने ताणू देत नाही आणि हाताला कापडासारखे लागते. एक दोष आहे. सुती असल्यामुळे पाण्यात आटते.

(आ) कागदी फ्यूजिंग. यात धागे विणलेले नसतात. तंतू दाबून पत्रा केलेला असतो. ते स्वस्त असते आणि कापायला सोपे असते. पण जाड प्रकार कुरकुर वाजतो आणि पुष्कळ धुण्यांनंतर विरतो. भिंतीवर टांगायच्या गोधडीला चालेल. रोज अंगावर घ्यायच्या गोधडीला घ्यायचेच झाले तर अगदी पातळ घ्यावे.

(इ) होजिअरीचे फ्यूजिंग. हे स्वतः बनियनसारखे विणलेले असते आणि फार मऊ असते. एका बाजूने ताणते, दुसऱ्या बाजूने फारसे ताणत नाही. हे लावताना दिशा पाहावी लागते. शर्ट जिकडे ताणतो तिकडे अस्तराची न ताणणारी बाजू यावी. दोघांची ताणणारी बाजू एकाच दिशेला आली तर अस्तर लावून न लावल्यासारखे होते.

(ई) बकरम आणि कॅनव्हास. हे कॉलरसाठी, कमरपट्टीसाठी, कोटासाठी असते. कडक असते. गोधडीला घेऊ नये.

(उ) दोन्ही बाजूंना डिंक असलेली जाळी. ही दोन कापडे एकमेकांना चिकटवायला असते. ती अस्तर नव्हे. दुकानदार कधी कधी तीच पुढे करतो. नीट पाहून घ्या.

(ऊ) टाचायचे अस्तर. यात डिंक नसतो. घरचे जुने धोतर, जुनी सुती साडी, नाही तर मलमल, यांपैकी काहीही चालते. शर्टाच्या तुकड्यामागे ते पसरायचे. चारी कडांनी आणि दोन्ही कर्णांवरून कच्चा दोरा घालून टाचायचे. वेळ जास्त लागतो, पण यात भीती कमी. इस्त्री लागत नाही. काही चुकले तर दोरा उसवता येतो. डिंक उसवता येत नाही. जुने कापड पुष्कळदा धुतलेले असते, म्हणून आणखी आटतही नाही. मात्र ते विरलेले नसावे. उजेडाकडे धरून पाहा. विरळ दिसले तर घेऊ नका.

४. कोणत्या शर्टाला कोणते अस्तर?

शर्टाच्या मानेशी आत एक पट्टी असते. तीवर कापड कशाचे आहे ते छापलेले असते. बहुधा इंग्रजीत असते. घरातल्या शाळकरी मुलाकडून वाचून घ्या. ‘कॉटन’ म्हणजे सुती. ‘पॉलिएस्टर’ म्हणजे कृत्रिम धाग्याचे.

साधा सुती टी-शर्ट असेल आणि यंत्रावर शिवायचे असेल, तर पातळ सुती फ्यूजिंग किंवा होजिअरीचे फ्यूजिंग घ्या.

हाताने धावदोऱ्याची गोधडी घालायची असेल, तर टाचायचे अस्तर घ्या. डिंकाच्या थरातून हाताची सुई जड जाते. चार ओळी घातल्या की बोट दुखते. दोनशे ओळी घालायच्या असतात.

खेळाचा जाळीदार पॉलिएस्टर शर्ट असेल, तर टाचायचे अस्तरच बरे. जाळीच्या भोकांतून डिंक वर येतो आणि जास्त तापलेल्या इस्त्रीने असे कापड चकाकते किंवा आक्रसते.

छातीवर रबरासारखे जाड चित्र असेल, तर इस्त्री फक्त मागून आणि बेताची. चित्राला भेगा पडलेल्या असतील तर तो तुकडा टाचूनच घ्या.

शर्ट फार जुना, विरलेला असेल, तर होजिअरीचे पातळ फ्यूजिंग घ्या. त्याने विरलेल्या फासांना आधार मिळतो. टाचलेले अस्तर विरलेल्या कापडाला फक्त टाक्यांपुरते धरते.

घरात कोळशाची इस्त्री असेल, तर टाचायचे अस्तर घ्या. कोळशाच्या इस्त्रीची उष्णता कमीजास्त करता येत नाही.

एकाच गोधडीत दोन प्रकारची अस्तरे चालतात. फक्त शेजारच्या तुकड्यांची जाडी सारखी लागावी.

५. धुण्याआधी विचारा

अस्तर लावण्याआधी शर्ट धुवावे लागतात. धुतल्याने ते आटायचे तेवढे आटतात. घाम, तेल निघून जाते. मळकट कापडावर डिंक नीट धरत नाही. धुताना कपडे मऊ करण्याचे औषध घालू नये. त्याचा पातळ थर कापडावर बसतो आणि मग डिंक सुटतो. खळही घालू नये.

पण धुण्याआधी घरच्यांना विचारा. कपड्याला त्या माणसाचा वास असतो. एकदा धुतला की गेला. तो परत आणता येत नाही. ज्यांना तो जपायचा असेल त्यांनी एक कपडा न धुता, न कापता वेगळा ठेवावा. तो गोधडीत घालू नये.

कापण्याविषयीही तसेच. आईला एक शर्ट हवा असतो, बायकोला तोच हवा असतो, धाकट्या भावाला तो घालायचा असतो. हे बोलणे आधी व्हावे. घरातल्या साऱ्यांसमोर कपडे मांडावे. प्रत्येकाने आपला ठेवायचा कपडा उचलावा. उरतील त्यांची गोधडी करावी. घाई नको. तेराव्यालाच हे झाले पाहिजे असे नाही. वर्ष गेले तरी चालेल. कोरड्या पेटीत ठेवलेले कापड वाट पाहते.

६. दुकानात काय विचारावे?

एक बाई कापडाच्या दुकानात गेल्या. त्यांचे बोलणे वाचा.

“दादा, टी-शर्टला मागून लावायचं फ्यूजिंग दाखवा.”

“हे घ्या ताई. कॉलरचं आहे. एकदम कडक बसतं.”

“कडक नको. गोधडी करायची आहे. अंगावर घ्यायची.”

“मग हे बघा. मऊ आहे. सुती आहे.”

“पन्हा किती?”

“छत्तीस इंच.”

“पाण्यात आटतं का?”

“थोडं आटणार. भिजवून घ्या आधी.”

“बरं. मग आज वीतभरच द्या. लावून बघते, धुऊन बघते. बरं वाटलं तर बाकीचं न्यायला येईन.”

“एवढंसं कसं कापू ताई? उरलेला तुकडा कोण घेणार?”

“दादा, शर्ट माझ्या थोरल्याचा आहे. दुसरा मिळायचा नाही.”

दुकानदार मग काही बोलला नाही. त्याने वीतभर कापून दिले. पैसे घेतले नाहीत.

या बाईंनी चार गोष्टी विचारल्या: मऊ की कडक, कशाचे आहे, पन्हा किती, आटते का. आपणही याच चार गोष्टी विचाराव्या. पन्हा म्हणजे कापडाची रुंदी. ती का विचारायची, ते पुढच्या हिशेबात कळेल.

७. किती आणावे?

समजा, १२ शर्ट आहेत. आडवे ३ आणि उभे ४ असे चौकोन लावायचे. तयार चौकोन १५ इंचांचा हवा.

शिवणीसाठी कडेला जास्त कापड सोडतात. त्याला माया म्हणतात. प्रत्येक बाजूला अर्धा इंच माया धरू. म्हणजे चौकोन १६ इंचांचा कापावा लागेल. पण पहिल्यांदा सैल कापायचे असते. म्हणून १७ इंच धरा.

अस्तराचा पन्हा ३६ इंच असेल, तर एका रांगेत १७ इंचांचे २ तुकडे बसतात. १२ तुकड्यांना ६ रांगा लागतात.

१७ × ६ = १०२ इंच. म्हणजे सुमारे २ मीटर ६० सेंटिमीटर.

आटण्यासाठी आणि चाचणीसाठी थोडे जास्त धरून ३ मीटर आणावे.

आता पन्हा २० इंच असला तर? एका रांगेत एकच तुकडा बसतो. १७ × १२ = २०४ इंच. म्हणजे ५ मीटरांपेक्षा थोडे जास्त. पन्हा न विचारता ३ मीटर आणले तर निम्मे शर्ट अस्तरावाचून राहतील.

तयार गोधडी ४५ इंच रुंद आणि ६० इंच लांब होईल. म्हणजे पावणेचार फूट रुंद आणि पाच फूट लांब. एका माणसाला पुरते.

लहान मुलाचा शर्ट असेल तर १७ इंचांचा तुकडा निघत नाही. तेव्हा लहान तुकडा काढावा आणि त्याच्या चारी बाजूंना साध्या सुती कापडाची पट्टी जोडून चौकोन पुरा करावा.

८. इस्त्री कशी करावी?

सुती फ्यूजिंग आधी कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा. पिळू नका. सावलीत दोरीवर वाळवा. वाळल्यावर त्याला इस्त्री करू नका, नाही तर डिंक इस्त्रीलाच लागेल. न भिजवता लावले तर पहिल्या धुण्यात अस्तर आटते, शर्ट आटत नाही, आणि वरच्या कापडाला फोड येतात. ते फोड मग जात नाहीत.

शर्टाच्या पट्टीवर इस्त्रीचे चित्र असते. त्यात ठिपके असतात. ते वाचायला शिका. एक ठिपका म्हणजे इस्त्री फार तर ११० अंश. दोन ठिपके म्हणजे १५० अंश. तीन ठिपके म्हणजे २०० अंश. विजेच्या पुष्कळ इस्त्रींच्या चक्रीवरही हेच ठिपके असतात. चित्रावर फुली असेल तर इस्त्री करायचीच नाही.

शाळेत मी मुलांना सांगत असे, आधी कच्ची वही, मग पक्की वही. इथेही तसेच. शर्टाची बाही गोधडीत सहसा जात नाही. ती आपली कच्ची वही. बाहीचा चार बोटांचा तुकडा कापा. त्याला अस्तर चिकटवा. गार होऊ द्या. कोपरा नखाने सोडवून पाहा. सुटला नाही तर तुकडा धुऊन, वाळवून पुन्हा पाहा. फोड नाहीत, आक्रसला नाही, हाताला मऊ लागतो, असे झाले तरच पक्क्या वहीत लिहायचे.

आता मुख्य काम. क्रम सोडू नका.

चित्र मधोमध येईल असा शर्टाचा १७ इंचांचा तुकडा सैल कापा. अस्तराचा तुकडा त्याहून केसभर लहान घ्या, म्हणजे डिंक बाहेर लागणार नाही.

जुन्या चादरीची जाड घडी घाला. तीवर शर्टाचा तुकडा चित्र खाली करून पसरा. हाताने सुरकुत्या काढा, पण ओढू नका. ओढून चिकटवला तर तो कायमचा ओढलेलाच राहील.

अस्तराची खरखरीत, चमकणारी बाजू खाली करा. तीच डिंकाची बाजू. वर पातळ ओलसर कापड टाका.

इस्त्री मधोमध ठेवा आणि दाबा. घासू नका. मनात १५ अंक मोजा. उचला, शेजारी ठेवा, पुन्हा दाबा. मधून कडेकडे जा.

सगळे झाले की तसेच राहू द्या. पुरते गार झाल्यावरच उचला. गरम असताना उचलले तर डिंक धरण्याआधीच सुटतो.

मग पट्टी आणि खडू घेऊन १६ इंचांचा चौकोन आखा आणि नेमका कापा. आधी चिकटवणे, मग नेमके कापणे. हा क्रम उलटा केला तर चौकोन सरळ येत नाही.

९. जोडणे

यंत्राला गोल टोकाची सुई लावा. होजिअरीची सुई म्हणून ती मिळते. १४ नंबरची घ्या. गोल टोक फास तोडत नाही, बाजूला सारून जाते. टाका फार बारीक नको. इंचाला दहा टाके पुरेत.

चौकोन रांगेने जोडा. मग रांगा एकमेकींना जोडा. शिवणी मागून उघडून दाबा, म्हणजे गाठाळ लागत नाहीत.

मध्ये जुने धोतर किंवा कापसाचा पातळ थर घाला. मागे सुती साडी लावा. मग धावदोरा घाला. धावदोरा नको असेल तर सहा-सहा इंचांवर जाड दोऱ्याने गाठी मारा. छापलेल्या चित्रातून सुई घालू नका. रबरी चित्रात सुईचे भोक पडले की ते बुजत नाही. चित्राच्या कडेने टाके घाला.

१०. नाव लिहा

अमेरिकेत एक फार मोठी गोधडी आहे. एड्स या रोगाने तेथे हजारो माणसे गेली. पुष्कळांच्या मरणाविषयी घरचे लोक उघड बोलतही नसत. तेव्हा सॅन फ्रान्सिस्को शहरात क्लीव्ह जोन्स आणि त्यांच्या सोबत्यांनी १९८७ साली एक काम आरंभिले. गेलेल्या प्रत्येक माणसासाठी एक तुकडा शिवायचा. तुकडा तीन फूट रुंद आणि सहा फूट लांब, म्हणजे थडग्याएवढा. त्यावर त्या माणसाचे नाव घालायचे. लोकांनी त्यावर गेलेल्यांचे शर्ट शिवले, विजारी शिवल्या, पत्रे शिवली. ११ ऑक्टोबर १९८७ रोजी वॉशिंग्टन शहरात मोठ्या मैदानावर ही गोधडी पसरली, तेव्हा १,९२० तुकडे होते. आज सुमारे ५०,००० आहेत. ज्यांची नावे कुणी घेत नव्हते, त्यांची नावे कापडावर राहिली.

आपल्या गोधडीलाही नाव हवे. मागच्या कोपऱ्यात साध्या पांढऱ्या कापडाचा तुकडा लावा. त्यावर पेन्सिलीने लिहा: हे कपडे कुणाचे, गोधडी कुणी केली, कोणत्या साली केली. मग त्या अक्षरांवरून रंगीत दोऱ्याने टाके घाला. तुकडा गोधडीला जोडण्याआधीच लिहून घ्या, म्हणजे सोपे जाते. अक्षर वळणदार नसले तरी चालेल. पण ते घरच्या माणसाचे असावे. पन्नास वर्षांनी ही गोधडी कुणाच्या हाती येईल, तेव्हा सांगायला आपण नसू. ती चिठ्ठी असेल.

गोधडी धुताना थंड पाणी घ्या. पिळू नका. दोरीवर एका टोकाने टांगू नका. खाटेवर, सावलीत, आडवी पसरून वाळवा.

ध्यानात ठेवा

अस्तर शर्टापेक्षा जाड नसावे.
हाताची गोधडी असेल तर टाचायचे अस्तर.
आधी बाहीवर चाचणी, मग शर्टावर.
आधी भिजवणे, मग चिकटवणे, मग नेमके कापणे.
छापील चित्रावर इस्त्री नाही, सुईही नाही.
एक कपडा न धुता, न कापता ठेवावा.

प्रश्न

१. लुगड्याचे कापड आणि टी-शर्टचे कापड यांत फरक काय?
२. बकरम गोधडीला का चालत नाही?
३. जाळीच्या खेळाच्या शर्टाला कोणते अस्तर लावाल? का?
४. अस्तराचा पन्हा ४० इंच आहे. १७ इंचांचे ८ तुकडे हवेत. किती इंच अस्तर लागेल?
५. शर्ट धुण्याआधी घरच्यांना का विचारावे?

करून पाहा

जुन्या बनियनचे दोन चौकोन कापा. एकाला मागून मलमल टाचा, दुसरा तसाच ठेवा. दोन्ही धुऊन दोरीवर वाळत घाला. वाळल्यावर दोन्ही मोजा आणि काय फरक पडला ते वहीत तीन ओळींत लिहा.

घरातील गेलेल्या एका माणसाचे नाव, गाव आणि त्याचा आवडता कपडा, एवढे वहीत स्वच्छ अक्षरात लिहा. गोधडी कराल तेव्हा चिठ्ठीसाठी हेच कामाला येईल.